सांधा दाखवा : ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना एका ग्रंथपाल बाईचं खुलं पत्र

ऐतिहासिक कादंबरीकार, मालिकालेखक आणि इतिहासावर व्याख्यानं देणारे, सर्वांना

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही मला ओळखण्याचं काही कारण नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. तुमची कपाटं माझ्या उजव्या हाताला, अगदी काउंटरला लागून ठेवली आहेत. भक्तिभावाने नव्हे, सोयीसाठी. तुमची पुस्तकं इतकी आत-बाहेर जातात की लांब ठेवली तर माझे गुडघे राहायचे नाहीत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, पोलीस भरतीची पोरं, दुपारची भांडी आवरून पदराला हात पुसत येणाऱ्या बायका, सगळे तुमचे वाचक. नव्या कवितासंग्रहाच्या कार्डावर वर्षात एक शिक्का पडतो, तोही बहुधा कवीच्या मेहुण्याचा. तुमच्या कार्डाला मागून दुसरं कार्ड चिकटवावं लागतं.

या पत्राला निमित्त झालं ते असंच एक पुस्तक. शिवकाळावरची जाडजूड कादंबरी, शिवण सुटलेली, बाइंडिंगला काढायची म्हणून मी पानं मोजत होते. एका पानावर महाराज आणि जिजाऊसाहेबांचा मोठा संवाद आहे. त्याच्या समासात पेन्सिलीने, शिक्षकी वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘हे सभासद बखरीत नाही.’ त्याखाली निळ्या बॉलपेनने, जोर देऊन, ‘तुम्ही होता का तिथे?’ त्याखाली पुन्हा पेन्सिल, ‘लेखक तरी होता का?’ आणि सगळ्यात खाली हिरव्या शाईत, ‘पुस्तकावर लिहू नये. ग्रंथपाल.’ ते माझंच अक्षर. केव्हा लिहिलं आठवत नाही, पण तेव्हा मी वरचं वाचलं नव्हतं, नुसतीच रागावले होते. या वेळी वाचलं, आणि वाटलं की ही तीन वाक्यं तुमच्यापर्यंत पोचली पाहिजेत.

माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘नवीन काय आलंय?’ हा नाही. पुस्तक परत देताना माणूस थोडा घुटमळतो, शिक्का पडेपर्यंत थांबतो आणि विचारतो, “बाई, हे खरं आहे का हो?” पोलीस भरतीवाला विचारतो, कारण त्याला परीक्षेत लिहायचं असतं. कंडक्टर विचारतात, कारण त्यांची पारावर पैज लागलेली असते. सव्वीस वर्षांत मला याचं नीट उत्तर देता आलेलं नाही, आणि त्यात माझ्या अडाणीपणाइतकाच तुमच्या पुस्तकांचाही वाटा आहे. तुमच्या पुस्तकात खरं कुठे संपतं आणि रचलेलं कुठे सुरू होतं, तो सांधा कुठेच दिसत नाही.

आता ‘कादंबरी म्हणजे कल्पित, एवढंही कळत नाही का,’ असं म्हणाल. कळतं. वाचक रचलेल्यावर कधीच रागावत नाही. आमच्या आज्या श्रावणात कहाणी सांगायला बसायच्या ती ‘आटपाट नगर होतं’ पासून. त्या दोन शब्दांत करार पुरा व्हायचा. नगराचा तालुका कुठला, असं कुणी विचारलं नाही. पोवाड्याचंही तेच. डफ-तुणतुणं वाजलं की ऐकणाऱ्याला कळायचं, आता शाहीर रंगवणार.

तानाजी मालुसऱ्यांचंच घ्या. सभासद बखर १६९४ च्या सुमाराची. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. म्हणजे कोंढाण्याच्या लढाईनंतर चोवीस-पंचवीस वर्षांत, ते दिवस पाहिलेल्या माणसाने. तिच्यात तीनशे मावळे आहेत, वानरासारखी कडा चढून जाणारी माणसं आहेत, उदेभान आहे. घोरपड नाही. यशवंती घोरपड भेटते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात, आणि तिथे ती शोभते. फासे टाकत बसलेल्या जिजाऊ, रायबाचं लगीन, ऐंशी वर्षांचे शेलारमामा आणि कड्याला चिकटणारी घोरपड, हा सगळा एका घराण्यातला ऐवज आहे. तुळशीदासाने कुणाला फसवलं नाही. फसवाफसवी सुरू झाली ती घोरपड डफाशिवाय फिरू लागली तेव्हा.

आणि महाराजांचे उद्गार? सभासदाने लिहिलंय, ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलंय ते ‘गड आला पण सिंह गेला.’ हरिभाऊ आपट्यांनी त्या नावाची कादंबरीच लिहिली आणि ते वाक्य घराघरात गेलं. तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असंही आपण पोरांना सांगतो. तानाजी पडले फेब्रुवारी १६७० मध्ये आणि ‘सिंहगड’ हे नाव १६६३ च्या पत्रातच आहे. मला विचाराल तर सभासदाचं वाक्य जास्त लागतं. त्यात अलंकार नाही. हिशेब मांडल्यासारखं एक आलं, एक गेलं. सिंहाच्या वाक्यात पल्लेदारपणा आहे, सभासदाच्या वाक्यात माणूस हरवलाय.

आता माझा गुन्हा कबूल करते, नाहीतर हे पत्र लिहायचा मला अधिकार नाही.

वाचनालयातर्फे आम्ही दरवर्षी शाळेच्या मुलांची एक सहल काढतो. एका वर्षी सिंहगडावर, कल्याण दरवाजाशी, मी घोरपडीची गोष्ट सांगितली. अगदी हातवारे करून. सहावीतली एक मुलगी पुढे बसली होती, दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. तिने हात वर केला. “बाई, घोरपडीला माणसाचं वजन पेलतं?” साठ पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. ‘मला माहीत नाही’ म्हणायला काय गेलं असतं? पण रंगात आलेल्या माणसाला मागे फिरवत नाही. मी म्हटलं, “त्या काळच्या घोरपडी मोठ्या असायच्या.” मुलगी खाली बसली. सहल संपली, सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली, मी विसरून गेले.

त्याच वर्षी वाचनालयाच्या निबंध स्पर्धेत एक निबंध आला. ‘माझा आवडता किल्ला.’ तिसऱ्या परिच्छेदात सुवाच्य अक्षरात, ‘शिवकालात घोरपडी आताच्यापेक्षा मोठ्या असत.’ आणि खाली, आम्हीच नियमात लिहिलं होतं म्हणून, आधार : वाचनालयाच्या बाई.

मी त्या निबंधाला दुसरा क्रमांक दिला. पहिला द्यायचं धाडस झालं नाही आणि काढून टाकायचंही नाही. तो कागद अजून माझ्या खणात आहे. ते वाक्य रचायला मला तीन सेकंद लागले होते, आणि दोन महिन्यांत ते आधारासकट शाईत उतरलं होतं.

तुमच्या आणि माझ्या गुन्ह्यात फरक फक्त प्रतींच्या संख्येचा आहे. आणि हा खेळ किती लांब चालतो याचं उदाहरण आमच्या साताऱ्यातच घडलंय. मल्हार रामराव चिटणिसांनी बखर लिहिली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ते वंशज बाळाजी आवजी चिटणिसांचे, ज्यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या संशयावरून देहदंड दिला. घरातली ती जखम सव्वाशे वर्षं तोंडातोंडी जपली गेली आणि मग बखरीत उतरली. तिच्यातले संभाजीराजे म्हणजे व्यसनी, रागीट, बेछूट. नाटककारांना आयतंच पात्र मिळालं. नाटकांतून ते बोलपटात गेलं, बोलपटातून आमच्या आजोबांच्या डोक्यात. रंगेल युवराज, हट्टी युवराज. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राने स्वतःच्या एका छत्रपतीला असंच ओळखलं. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याचा मोठा भाग देऊन, कागद न्‌ कागद तपासून संभाजी महाराजांचं चरित्र छापलं ते १९६० मध्ये. कमल गोखल्यांचा अभ्यास आला १९७१ मध्ये. एका घरची बाजू उलटून बघायला दीडशे वर्षं लागली.

मल्हार रामराव खोटं बोलले असं मला म्हणायचं नाही. त्यांनी बहुधा घरात ऐकलं तेच लिहिलं असेल. पण ‘हे आमच्या घरात सांगतात’ एवढे चार शब्द त्यांनी लिहिले असते, तर?

तुम्ही म्हणाल, वाचकालाच खोटं आवडतं. तेही नाकारत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. एकदा पकडला, कैदेत टाकला, तरी रत्नागिरीच्या कैदेतून सुटून कोकणातले किल्ले घेत सुटला आणि हजारो माणसं त्याच्या मागे गेली. १७७६ च्या अखेरीला त्याला मारलं तेव्हा कुठे ते थांबलं. ती माणसं मूर्ख नव्हती. ज्या घरातून पानिपतावर गेलेला माणूस परत आला नव्हता, त्या घराला भाऊ परत आलेले हवेच होते. भाऊ आले तर आपलाही येईल. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. विश्वास टाकायला लोक असे आसुसलेले असतात आणि तुमची पुस्तकं खपतात तीही त्याच जोरावर. फुकट मिळालेला विश्वास आहे तो, कमावलेला नाही. म्हणून तर तो जपून वापरायचा.

वापरतात कसा, ते मी आमच्याच व्याख्यानमालेत पाहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं व्याख्यान, मैदान भरलेलं, कुल्फीवालासुद्धा थांबलेला. वक्ते नामांकित, नाव सांगत नाही. बोलायला अप्रतिम. त्यांनी एका मोहिमेच्या आदल्या रात्रीचं महाराजांचं भाषणच म्हणून दाखवलं, शब्दन्‌शब्द, आणि म्हणाले, “हे पत्र माझ्याकडे आहे.” प्रश्नोत्तरांत आमचे एक निवृत्त गुरुजी उठले. इतिहासच शिकवायचे. फार नम्रपणे म्हणाले, “साहेब, पत्र कुठल्या खंडात छापलंय तेवढं सांगाल? मुलांना दाखवेन.” वक्त्यांनी क्षणभर पाहिलं आणि माइक तोंडाजवळ घेतला. “गुरुजी, तुम्हाला महाराजांबद्दल शंका आहे का?” मैदानाने टाळ्या वाजवल्या. गुरुजी बसले. खुर्चीचा पाय मातीत रुतला होता, तो सारखा करत राहिले.

ते त्यानंतर व्याख्यानाला आले नाहीत. पुस्तक बदलायला येतात, ऐतिहासिक कपाटाकडे वळत नाहीत. ती समासातली पेन्सिल त्यांची आहे, असा माझा दाट संशय आहे. तुम्ही त्या दिवशी टाळ्या कमावल्या, कबूल. पण गावात ज्याच्याकडे बाकीचे विचारायला जातात असा एकच वाचक होता. तो गेला.

यावर आपल्याकडे जुना उपाय आहे आणि तो कुठल्या विद्यापीठातून आणायला नको. वारकरी कीर्तनाला उभे राहा. बुवा अर्धा तास दृष्टांत देतात, त्यात सासू-सून असते, एसटी असते, मोबाइलही असतो. सगळं बुवांचं स्वतःचं. मग बुवा म्हणतात, “प्रमाण काय?” आणि तुकोबांचं नाहीतर ज्ञानोबांचं चरण म्हणतात. त्या क्षणी चाल बदलते, मृदंगावर थाप पडते, मागचे टाळकरी तेच चरण उचलतात. मैदानाच्या कडेला चपलांवर बसलेल्या म्हातारीलाही कळतं की हे बुवांचं होतं आणि हे तुकोबांचं आहे. प्रमाण चुकलं तर टाळकऱ्यांतलाच एखादा हळूच दुरुस्त करतो. आणि रसभंग? उलट प्रमाण आलं की माणसं पुढे सरकून बसतात. ‘सांधा दाखवला तर वाचकाची तंद्री मोडेल’ असं तुमच्यापैकी कुणी म्हणालं की मला हे टाळकरी आठवतात.

तुमच्याकडे प्रमाण नसतं असं नाही, ते भलत्याच जागी असतं. कादंबरीच्या शेवटी चार पानं भरून ग्रंथांची यादी. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, बावीसच्या बावीस खंड, खालोखाल फारसी साधनं, डच आणि पोर्तुगीज कागद. आमचे कंडक्टर ती यादी बोटाने मोजतात आणि म्हणतात, “एवढं वाचलंय म्हणजे खरंच असणार.” पण एकशेवीस नावांच्या यादीतून पान तीनशे चौदावरचा संवाद कुठून आला ते काय कळणार? मला तर अशी लांब यादी दिसली की जास्तच धास्ती वाटते. मालिकांची तऱ्हा याहून न्यारी. सुरुवातीला पडदाभर बारीक अक्षरं येतात, ‘काही प्रसंग काल्पनिक’ वगैरे, आणि चष्मा शोधेपर्यंत शीर्षकगीत सुरू होतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. तुमच्यापैकी एकांनी मागे आमच्याकडे चहा पिताना सांगितलं, “बाई, ‘हे मी रचलंय’ असं लिहिलं ना, तर नेमका तिथेच दगड येतो.” ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेत जमावाने जी तोडफोड केली, तिच्या बातम्या वाचून मी त्या दिवशी वाचनालयाचं दार लावून आत नुसती बसले होते. जुन्या पोथ्या जमिनीवर, कपाटं उलथलेली. ग्रंथपालाला ते चित्र सहन होत नाही. तेव्हा भीती काय असते हे मला शिकवायला नको. पण त्या भीतीने तुम्ही ‘सगळंच खरं’ म्हणत राहिलात, तर वाचकाला रचलेलं आणि घडलेलं वेगळं ठेवायची सवय लागणार कधी? ती सवय नसलेला माणूसच दगड उचलतो. शिवाय दगड यायचा तो सांधा न दाखवताही येतोच की.

आणि खरं सांगू? पुष्कळदा तुम्ही उगाच रचता. चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदारांना महाराजांनी लिहिलेलं एक पत्र आहे, राज्याभिषेकाच्या आसपासचं. पावसाळ्याची बेगमी आहे ती जपून वापरा, नाहीतर उपाशी मराल, घोडी मरतील. तुम्ही रयतेकडून ओरबाडू लागलात तर लोक म्हणतील, याच्यापेक्षा मोगल बरे. आणि मग गवताच्या गंज्यांची काळजी. कुणी भलत्याच जागी चूल मांडेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच ठेवाल आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतोय.

परवा वाचनकट्ट्यावर मी मुलांना हे पत्र वाचून दाखवलं. एरवी तलवारीशिवाय न ऐकणारी पोरं उंदराशी येऊन गप्प झाली. मग एकाने विचारलं, “हे खरं आहे?” मी छापील पुस्तक फिरवून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ओळीवर बोट ठेवून वाचलं, अडखळत, आणि शेजारच्याला ढोसून म्हणाला, “अरे, खरंच आहे.” त्या ‘खरंच’ मध्ये जो आनंद होता, तो माझ्या मोठ्या घोरपडीने कुणाला दिला नव्हता.

मागणं एवढंच आहे. कादंबरीच्या शेवटी यादीऐवजी दोन पानं लिहा, साध्या भाषेत. हा प्रसंग बखरीत आहे. हा पोवाड्यात आहे. हे पात्र माझं. या दोघांची भेट झाली की नाही याचा कागद नाही, मला घडवावीशी वाटली म्हणून घडवली. अमुक ठिकाणी दोन साधनं भांडतात, मी एकाचं ऐकलं, का ते असं. मालिकावाल्यांनी तेच भाग संपल्यावर वाचता येईल अशा अक्षरात दाखवावं. व्याख्यात्यांना ‘कुठल्या खंडात’ म्हणून कुणी विचारलं तर खंड सांगावा, आणि खंड नसेल तर तसं सांगून पाणी प्यावं. मी सिंहगडावर ते केलं असतं तर त्या मुलीचा निबंध पहिला आला असता.

तुमचं पुढचं पुस्तक आमच्याकडे येईलच. ग्रंथनिवड समितीत तुमचं नाव निघालं की कुणी वाद घालत नाही. दाखल नंबर टाकण्याआधी मी शेवटची पानं उघडून बघेन. ती दोन पानं असली तर पुस्तक घेऊन स्वतः गुरुजींच्या घरी जाईन. माळीवाड्यात राहतात, संध्याकाळी ओट्यावर असतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक ग्रंथपाल

ता. क. : ती सुटलेली कादंबरी बाइंडिंगला दिली आहे. आमचा बाइंडर कडा सरळ करायला तिन्ही बाजूंनी कापतो. त्याला सांगितलंय, या प्रतीचा समास कापू नकोस.